कापसावरचा मावा, तुडतुडे यांचे जवळून फोटो काढायचेत, मॅक्रो लेन्स घेऊ का?

वावरातला_कॅमेरा, यावल तालुका

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन १३०० डी आहे, सोबत आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५०. हळदीचे, वाढदिवसाचे फोटो काढून झाले, हतनूरला जाऊन पक्षीपण काढले, आता डोक्यात किडे शिरलेत. आमच्या कापसावर सध्या मावा आणि तुडतुडे आहेत, बांधावरच्या रुईवर तर पिवळा मावा एवढा बसलाय की शेंड्याचं खोड दिसत नाही, त्याच्यावर मुंग्यांची ये-जा चालू, मधेच लेडीबर्ड येतो, जाळीदार पंखाचा तो हिरवा किडा येतो, म्हणजे घरच्या वावरातच सगळी जत्रा भरलीय आणि मला एक फोटो धड येत नाही. ५५-२५० ने काढला की मावा म्हणजे पानावर सांडलेली मोहरी, १८-५५ जवळ नेली तर फोकस धरत नाही आणि धरलाच तर कॅमेऱ्याची सावली बरोबर किड्याच्या डोक्यावर. मोबाईलला चिमट्याचं भिंग लावूनपण पाहिलं, मधोमध बरं येतं, कडेला सगळं फिस्कटतं.

तर विचारायचं असं की १०० एमएमची मॅक्रो लेन्स घेऊ का? नवीन घ्यायची तर एका वेचणीचा पैसा जातो, वडलांना काय सांगायचं ते मी बघतो, पण घेतल्यावर प्रश्न सुटतो ना? ट्रायपॉड लागतो का, आमच्याकडे वारं फार असतं. आणि पाल किंवा पाटणादेवीकडे गेलं तर जास्त किडे मिळतील का?


भरीत_आणि_फ्लॅश, जळगाव

आते पैसा नको घालू भो लेन्सले, पहिले उजेड देख.

आता नीट लिहितो. तुझ्याकडे ५५-२५० आहे ना, मग अर्धं काम झालेलं आहे. रेनॉक्सचं डीसीआर २५० नावाचं छोटं भिंग मिळतं, लेन्सच्या तोंडाला दोन्ही बाजूच्या खटक्या दाबून लावायचं, ५२ पासून ६७ एमएम पर्यंतच्या थ्रेडला बसतं, तुझी ५८ आहे म्हणजे बसणारच. त्याची ताकद ८ डायॉप्टर आहे, म्हणजे फोकल लेंग्थ १२५ एमएम. हिशोब एकदम सोपा, लेन्सचा फोकस अनंतावर ठेवायचा आणि झूम भागिले १२५ करायचं. १२५ ला ठेवलं की १:१, म्हणजे किडा सेन्सरवर (फोटो उमटतो त्या चकतीवर) खऱ्या आकाराएवढाच पडतो, २५० ला ठेवलं की २:१, म्हणजे दुप्पट. १०० एमएमची मॅक्रो लेन्स तू घेणार ती साधारण १:१ लाच थांबते, आणि हे तुला त्याच्या एका कोपऱ्यातल्या पैशात २:१ पर्यंत नेतं.

आणि १:१ म्हणजे फार काही मोठं दिसतं अशी समजूत असेल तर ती आत्ताच काढून टाक. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर आहे २२.३ एमएम रुंद, त्याच्यावर ५१८४ पिक्सेल. मावा धर २ एमएमचा. १:१ ला तो फ्रेमच्या अकराव्या हिश्शात बसतो, साधारण ४६० पिक्सेल. २:१ ला ९३०. म्हणजे मावा मोठा पाहिजे असेल तर एवढे पैसे घालून घेतलेली मॅक्रो लेन्सपण एकटी पुरणार नाही, त्याला परत ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) नाहीतर पुढे हेच रेनॉक्स लावावं लागेल. लेडीबर्ड, नाकतोडा, चतुर काढायचे असते तर गोष्ट वेगळी.

आता उजेड. एवढ्या जवळून फोकसमध्ये येणारी जाडीच किती असते बघ, रेनॉक्स लावून १:१ ला ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ ११ एवढं बारीक ठेवलं तरी जेमतेम अर्धा मिलीमीटर, २:१ ला त्याचाही चौथा हिस्सा. म्हणून ॲपर्चर बारीक करायचं, एफ ११ ते १६, त्याच्या पलीकडे गेलास तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून उजेड फाकल्याने, फोटो मऊ पडतो. एवढं बारीक केल्यावर सकाळच्या कोवळ्या उन्हात शटरचा वेग कुठल्या कुठे खाली येतो, आणि मग वारा, हाताचा कंप, किड्याची हालचाल सगळं फोटोत उतरतं. फ्लॅश लागतोच लागतो. साधा मॅन्युअल स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा वेगळा फ्लॅश) चालतो, टीटीएलची, म्हणजे फ्लॅशचा उजेड आपोआप ठरण्याची, गरज नाही. पॉवर १/१६ किंवा १/३२, शटर १/२००, आयएसओ १०० नाहीतर २००. कमी पॉवरला फ्लॅशचा झपका इतका लहान असतो की तोच शटरचं काम करतो, हात हलला तरी फोटो थिजलेला येतो. ट्रायपॉड घरी ठेव, वावरात पाय रोवून बसेपर्यंत किडा दुसऱ्या पानावर.

पण उघडा फ्लॅश मारलास तर लेडीबर्डच्या पाठीवर पांढरा ठिपका आणि बाकी सगळं काळं. डिफ्युझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा पाहिजे, आणि तो विकत घेऊ नको. केळीच्या घडाला घालायच्या स्कर्टिंग बॅगा तुमच्या गावात घरोघरी असतील, त्यातली पांढरी घे, निळी नको, निळीने फोटोला रंग चढतो. तिचे दोन पदर, मागे पाठीला पांढरा पुठ्ठा, आणि सगळं असं वाकवून लावायचं की त्याची खालची कड लेन्सच्या तोंडाच्या जरा पुढे, किड्याच्या डोक्यावर येईल. डिफ्युझर जेवढा मोठा आणि किड्याच्या जेवढा जवळ तेवढा उजेड मऊ, बाकी सगळं शास्त्र याच्यापुढे फिकं आहे. किड्यापासून तुझ्या भिंगापर्यंत अंतर राहतं साधारण १२ सेंटिमीटर, तेवढ्यात हे सगळं मावतं.


एफ_वन_पॉइंट_एट, धुळे

वरच्या भाऊंशी पूर्ण सहमत नाही. रेनॉक्स चांगलंच आहे पण ५५-२५० च्या टोकाला लावून हातात धरणं म्हणजे लांब दांडीने सुई ओवणं, नवीन माणसाचा कंटाळा होतो आणि कॅमेरा कपाटात जातो. सेकंडहँड ९० किंवा १०० एमएमची मॅक्रो लेन्स घ्या, टॅमरॉनची ९० जुनी असली तरी काच खणखणीत आहे, विकायला काढली तर घातलेले पैसे बरेचसे परत येतात. मॅक्रो लेन्सवर एक ध्यानात ठेवा, १:१ ला गेल्यावर लावलेलं ॲपर्चर प्रत्यक्षात दुप्पट बारीक वागतं, म्हणजे एफ ८ लावलंत तर ते एफ १६ सारखं, त्यामुळे तिथे ८ ते ११ च्या पुढे जायची गरज नाही.

फ्लॅश आणि डिफ्युझरबद्दल मात्र ते बोलतात ते शंभर टक्के बरोबर. माझ्याकडे लेन्स चांगली होती तेव्हापण फोटोत जीव आला तो डिफ्युझर नीट झाल्यावरच.

आणि कुणीतरी सांगेल की १८-५५ उलटी लावा, रिव्हर्स रिंग स्वस्त मिळते. मोठेपणा भरपूर मिळतो, खरंय. पण कॅननच्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग नसते, उलटी लावली की ॲपर्चर पूर्ण उघडं राहतं आणि फोकसमध्ये फक्त एक केस येतो. उलटी लावायचीच असेल तर जुन्या बाजारातली रिंगवाली ५० एमएम शोधा.


वावरातला_कॅमेरा

भो, स्कर्टिंग बॅग!! घरात गठ्ठा पडलाय. १/३२ वर फ्लॅश ठेवला तर मागचं सगळं काळं येणार नाही का? रात्री काढल्यासारखं?


भरीत_आणि_फ्लॅश

येणार. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर फार झपाट्याने पडतो, किडा लख्ख आणि हातभर मागचं सगळं अंधारात. म्हणून अँगल असा निवड की किड्याच्या मागे चार बोटांवर दुसरं पान येईल, म्हणजे तेच हिरवं बॅकग्राउंड होतं. नाहीच आलं तर डाव्या हाताने एक पान मागे धर. काही जणांना काळंच आवडतं, मला नाही आवडत, भर दुपारच्या मुंगीला रात्रीत उभी केल्यासारखं वाटतं.

फोकसचंपण सांगतो. ऑटोफोकस बंद. रिंग अनंतावर ठेवून तिला हात लावायचा नाही, फोकस अंगाने करायचा, म्हणजे जरा पुढे जरा मागे झुकायचं आणि डोळ्यावर धार आली की दाबायचं. डाव्या हाताच्या दोन बोटात पानाचा देठ धर आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकव. मग वारा आला तरी पान आणि कॅमेरा दोन्ही सोबत हलतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. वाऱ्यावर हाच एक इलाज आहे.


बांधावरची_ताई, शिरपूर

कॅमेऱ्यातलं मला फार कळत नाही पण किड्यांतलं कळतं, मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि फोटो मोबाईलनेच काढते. लेन्सवर एवढं बोलणं झालं, पण किडा कधी शांत असतो हे कुणी सांगितलंच नाही.

दादा, तुम्ही मावा निवडला हे फार बरं केलंत. मावा सोंड पानात खुपसून रस पीत बसलेला असतो, त्याला लगेच पळता येत नाही, त्यामुळे शिकायला त्याच्यासारखा किडा नाही. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला बघा, तिथे सगळं कुटुंब असतं. मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतील, काळ्या, त्या फोकसमध्ये आल्या की फोटो चांगला. पानावर पांढरे पांढरे टरफलासारखे दिसतात ती कात असते, बऱ्याच शेतकऱ्यांना तो वेगळाच किडा वाटतो. आणि थोडा वेळ थांबलात तर मावा वीत असलेला सापडेल. मादी नराशिवाय थेट पिल्लंच देते, पिल्लू मागच्या बाजूने आधी बाहेर येतं आणि पाय सुटे झाले की आईच्या शेजारीच सोंड खुपसून बसतं. हे तुमच्या कॅमेऱ्यात आलं तर मला नक्की दाखवा.

मुंग्या तिथे कशासाठी येतात ते तुम्हाला माहीत असेलच, आपण ज्याला चिकटा म्हणतो तो पातळ गोड रस माव्याच्या मागून येतो, मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करते आणि थेंब आला की उचलते. तो थेंब फोटोत पकडायचा तर मुंगीच्या मागे धावू नका, एक भरगच्च शेंडा निवडा, त्याच्यावर फोकस लावून ठेवा आणि मुंगीला येऊ द्या.

तुडतुडा मात्र तुमची परीक्षा बघणार. तो तिरपा चालतो, आणि तुम्ही पान उलटलं की तो पलीकडच्या बाजूला सरकतो. त्याला पकडायला जाऊ नका, पानाच्या पलीकडे हळूच बोट न्या, बोट दिसलं की तो तुमच्या बाजूला येतो. फुलकिडे तर १ एमएमच्या आसपास, त्यांचा नाद सध्या सोडा.

पहाटे जा. किड्यांचं अंग बाहेरच्या हवेएवढंच गार असतं, आपल्याकडे दिवाळीनंतर सकाळी चांगलीच थंडी पडते तेव्हा नाकतोडे, टाचण्या (चतुरासारखे बारीक किडे) दवाने भिजून जागच्या जागी बसलेल्या असतात, ऊन अंगावर आलं की गेल्या. दुसरी चांगली वेळ संध्याकाळ. पोटावर निळे पट्टे असलेल्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या असतात, त्यांचे नर दिवस मावळायला वाळलेल्या काडीला जबड्याने चावा घेऊन लटकतात आणि तशाच झोपतात, एका काडीवर ओळीने. एकदा काडी सापडली की दुसऱ्या दिवशीपण बहुतेक तिथेच येतात.

पालला, पाटणादेवीला जरूर जा पण ते अभयारण्याचं जंगल आहे, वनखात्याला विचारून जा आणि तिथला किडा उचलून आणू नका. एरवी तुमच्या बांधावरची रुई, एरंडी, बोर आणि कडेला वाढलेलं तण एवढ्यात वर्षभराचं काम आहे. रुईवरचा रंगीत नाकतोडा, निळ्यापिवळ्या पट्ट्यांचा, तो तर पळायचेही कष्ट घेत नाही, रुईचा विषारी चीक पिऊन बसलेला असतो त्यामुळे त्याला कुणी खात नाही.

आणि एक काळजीची गोष्ट. फवारणी झालेल्या कापसात तोंड घालून फोटो काढायला बसू नका, स्वतःच्या वावरात झाली असेल तर तुम्हाला माहीत असतं, शेजाऱ्याच्या वावरात विचारून जा. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर गेले ते आपण विसरलेलो नाही. बूट घाला, दाट कापसात घोणस दिसत नाही, आणि मॅक्रोवाल्याची नजर तर पानाच्या बाहेर जातच नाही.


मोबाईलवाला_भुसावळ

मी पण चिमट्याचंच भिंग वापरतो आणि कामापुरते फोटो येतात, कडा कापून टाकायच्या एवढंच. फक्त मोबाईलमधला जो २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा म्हणून देतात ना तो उघडू नका, मेन कॅमेऱ्यावर भिंग लावा. बाकी चालू द्या.


एफ_वन_पॉइंट_एट

ताई, हे किडे फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवून मग काढतात असं ऐकलंय, त्यात काही गैर आहे का? यूट्यूबवर सर्रास दाखवतात.


बांधावरची_ताई

मला पटत नाही. एक तर बरेच मरतात, आणि जे जगतात ते फोटोतसुद्धा ओळखू येतात, पाय पोटाशी घेतलेले, मिशा खाली पडलेल्या, किडा पानावर बसलेला नाही तर ठेवलेला दिसतो. पहाटे उठायचा आळस आहे, दुसरं काही नाही.


वावरातला_कॅमेरा

मंडळी, रेनॉक्स आलं, फ्लॅश मित्राचा आणला, डिफ्युझर स्कर्टिंग बॅगचाच. आई म्हणते केळीपेक्षा कॅमेऱ्याचीच जास्त काळजी घेतो. फोटो टाकतोय, पहिला माव्याचा, त्या दोन नळ्या स्पष्ट आल्यात, पायावरचे केस मोजता येतात! फक्त डोळा धारदार आला की मागचं टोक धूसर होतं आणि टोक आलं की डोळा जातो.

दुसऱ्या फोटोत एक शंका आहे. माव्याच्या गर्दीत दोन-तीन मावे फुगलेले, गोल, तपकिरी आणि पानाला घट्ट चिकटलेले आहेत, काडीने हलवून पाहिलं तर हलत नाहीत. हा काही रोग आहे का? वडील म्हणतायत उद्या फवारून टाकू, कारण शेजारीच केळी आहे आणि तिच्यावर मागे हरण्या, तो व्हायरसचा रोग, येऊन गेलाय.


भरीत_आणि_फ्लॅश

डोळा आणि टोक दोन्ही पाहिजे तर आधी किड्याला आडवा घे, म्हणजे त्याचं अंग सेन्सरला समांतर राहील, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. उरलेल्यासाठी स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो जोडून एक करायचा. डोळ्यापासून सुरुवात करून अंगाने किंचित किंचित पुढे झुकत आठ-दहा फोटो सलग घ्यायचे, मग फोटोशॉपमध्ये ऑटो अलाइन आणि ऑटो ब्लेंड, नाहीतर हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर ही सॉफ्टवेअर आहेत. मावा हलत नाही म्हणून त्याच्यावर हातानेपण जमतं. मुंगीवर सोड नाद. आणि प्रत्येक झपक्यामध्ये फ्लॅशला श्वास घेऊ दे, भराभर दाबलं तर मधले दोन फोटो काळे येतात आणि स्टॅक बिघडतो.


बांधावरची_ताई

दादा थांबा, फवारू नका लगेच!

तो रोग नाही, ती तुमची फुकटची मजूर आहे. एक अगदी बारीक परजीवी गांधीलमाशी, साधारण माव्याएवढीच, माव्याच्या पोटात एक अंडं घालते. तिची अळी माव्याला आतून खाते, आणि मावा मेला की त्याची कातडी फुगून कडक होते, तपकिरी होते, पानाला चिकटते. आम्ही त्याला ममी म्हणतो. तुमचा फोटो मोठा करून बघा, डावीकडच्या ममीच्या मागच्या अंगाला बरोबर गोल भोक आहे, कंपासने आखल्यासारखं, तिथून माशी बाहेर पडून गेलेली आहे. उरलेल्या दोन अजून बंद आहेत, म्हणजे आत कुणीतरी आहे. पानं फिरून बघा, ममी बऱ्याच असतील आणि लेडीबर्डच्या अळ्यापण दिसत असतील तर आत्ता फवारून तुम्ही माव्याआधी त्यांनाच मारणार.

केळीची भीती खरी आहे, नाही म्हणत नाही. कापसावरचा हाच मावा काकडी, भोपळा, तणं सगळीकडे असतो आणि हरण्याचा व्हायरस केळीवर नेण्यात त्याचा हात असतो. पण व्हायरसवाला मावा केळीवर सोंड टोचल्यावर फार थोड्या वेळात काम करून जातो, फवाऱ्याने मरायच्या आधीच. त्यापेक्षा केळीच्या आत आणि आजूबाजूला काकडीवर्गाचे वेल ठेवू नका, बांधावरचं तण काढा, आणि हरण्याची झाडं दिसली की उपटून लांब नेऊन नष्ट करा. वडलांना हे वाचून दाखवा, आणि तरी मन मानत नसेल तर तुमच्या कृषी सहायकाला वावरात आणून ममी दाखवा.

आता फोटोचं. बंद ममीवालं पान देठासकट कापा, देठाला ओला कापूस गुंडाळा, काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला पातळ सुती फडकं बांधा, झाकण नको, पाणी सुटतं. सावलीत ठेवा. चार-सहा दिवसांत माशी बाहेर येईल. ती आतून गोल झाकण कापते, ते झाकण एका बाजूला बिजागरीवर राहिल्यासारखं उघडं राहतं आणि आधी मिशा बाहेर येतात. बरणीत काढलेला फोटो बरणीतला म्हणूनच सांगा, आणि काढून झाला की माशीला परत त्याच कापसावर सोडा.


वावरातला_कॅमेरा

वडलांना वाचून दाखवलं. ते टॉर्च आणि माझं भिंग घेऊन वावरात गेलेत, म्हणाले आधी बघून येतो. फवारणी उद्याची तरी रद्द. बरणी लोणच्याची घेतली, चालेल ना, वास जात नाहीये.


बांधावरची_ताई

तेल-मिठाचा वास असलेली नको, माशी नाजूक असते. राखेने घासून उन्हात वाळवा, नाहीतर पाण्याची रिकामी बाटली मधून कापून घ्या, फोटो काढायला तेच सोपं पडेल, वरचा अर्धा भाग उचलला की काम झालं.


रावेरचा_पाटील

इथे किड्यांचं चाललंय म्हणून मधेच विचारतो, मृगात लाल मखमली किडे निघतात त्यांचे फोटो याच रेनॉक्सने येतील का? यंदा राहून गेले.


भरीत_आणि_फ्लॅश

येतील, आणि तो तर मोठा असतो, १:१ च्याही आत काम होईल, झूम ८०-९० ला ठेवा. कॅमेरा जमिनीला टेकवून त्याच्या डोळ्याच्या लेव्हलला या, वरून काढला तर नुसता लाल गोळा येतो. लाल रंगाला एक्स्पोजर जरा कमी ठेवा नाहीतर मखमल दिसतच नाही, सगळं एकसारखं लाल भडक होतं. पाय आठ मोजाल, तो कीटक नसून कोळ्याच्या नात्यातला आहे, ताई रागावायच्या आत मीच सांगून टाकतो.